भिंतीवरील शेटजी

लठ्ठ देह, गळ्याखालीं लोंबणारें मांस, डोक्यावर काळी उंच विलायती टोपी, अंगांत काळा कोट, आणि बोटें सोन्याच्या नाण्यांच्या राशींत खुपसलेलीं. पाठीमागें कोळ्याचें जाळें पसरलेलें व त्याच्या पलीकडे कारखान्यांचीं धुरांडीं. श्रोत्यांनीं असें एक चित्र क्षणभर मनश्चक्षूंपुढें आणावें. व्हिक्टर डेनी या रशियन चित्रकारानें १९१९ सालीं काढलेलें हें भित्तिपत्रक ‘भांडवल’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यावर देम्यान बेदनी या कवीच्या ओळी छापलेल्या होत्या. परंतु ज्याला त्या वाचतां येत नव्हत्या, त्यालाही चित्राचा अर्थ कळण्यास विलंब लागत नसे. हा मनुष्य कोण, तो कशावर पुष्ट झाला, आणि त्याचें काय केलें पाहिजे, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्या एका आकृतींत होतीं.

अशा चित्रांचें सामर्थ्य कशांत होतें, त्यांनीं लोकांना काय शिकविलें व काय शिकविलें नाहीं, आणि महाराष्ट्रांतील खेड्यांत व गिरणगांवांत त्याच शेटजीचें रूप कसें घडलें, याचा विचार प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

रशियांत १९१७ सालीं राज्यक्रांति झाली आणि पाठोपाठ यादवी युद्ध पेटलें. नव्या राजवटीला आपलें म्हणणें कोट्यवधि शेतकऱ्यांपर्यंत पोंचवावयाचें होतें. परंतु १८९७ च्या खानेसुमारीप्रमाणें त्या देशांत साक्षर माणसें शेंकडा २१ च्या आसपास होतीं. कागदाची टंचाई होती आणि छापखान्यांची व आगगाड्यांची व्यवस्था विसकटली होती. अशा वेळीं मॉस्को येथें एक नवी युक्ति निघाली. सरकारी तारवृत्तसंस्थेचें संक्षिप्त नांव ‘रोस्ता’ असें होतें. मिखाईल चेरेम्निख या चित्रकारानें १९१९ सालीं त्या संस्थेच्या वतीनें मोठालीं रंगीत चित्रें काढून दुकानांच्या खिडक्यांत लावण्यास आरंभ केला. दुकानांत विकावयास माल उरला नव्हता; म्हणून मालाच्या जागीं चित्रें आलीं. मायकोव्हस्की हा विख्यात कवि लवकरच या कामांत सामील झाला. तो चित्रें काढी आणि त्यांखालच्या ओळीही लिही. पुठ्ठ्याचे छाप कापून त्यांवरून हातानें रंग फिरवीत आणि एका चित्राच्या अनेक प्रती करून त्या दुसऱ्या शहरीं धाडीत. रस्त्यानें जाणारा मनुष्य थंडींत फार वेळ थांबणार नाहीं, हें जाणूनच त्यांची रचना केलेली असे. रंग थोडे, रेषा जाड, आणि माणसें दोनच जातींचीं: तांबडा कामकरी आणि टोपीवाला शेटजी.

ही चित्रभाषा लोकांना नवी वाटली नाहीं, याचें कारण ती जुन्याच साहित्यांतून उभारलेली होती. रशियन शेतकऱ्याच्या घरांत एका कोपऱ्यांत देवाचीं चित्रें असत, आणि बाजारांत ‘लुबोक’ नांवाचीं स्वस्त, भडक रंगांचीं कथाचित्रें मिळत. घोड्यावर बसून भाल्यानें अजगराला मारणारा संत जॉर्ज तेथील प्रत्येक मुलाला ठाऊक असे. दमित्री मूर या चित्रकाराच्या १९१९ मधील एका भित्तिपत्रकांत साम्राज्यशाही ही कारखान्याला विळखा घालून बसलेली राक्षसी सर्पाकृति आहे आणि कामकरी व शिपाई तिच्यावर तुटून पडले आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळींत चित्रकथी पोथींतील एकेक चित्र पुढें करून रामायण सांगत, किंवा महिषासुरमर्दिनीचें चित्र घरोघर भिंतीवर असे. त्या चित्रांवर वाढलेल्या मराठी माणसाला हें सारें समजणें कठीण नाहीं. पुराणांतील असुर जाऊन त्याच्या जागीं भांडवल आलें. त्रिशूळ जाऊन हातोडा आला. पाहणाऱ्याच्या मनाची वाट मात्र पूर्वींचीच राहिली.

त्या उंच टोपीचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. ती रशियांत जन्मली नाहीं. न्यूयॉर्क येथील भ्रष्ट पुढारी ट्वीड याचें व्यंगचित्र टॉमस नॅस्ट यानें १८७१ सालीं काढलें, त्यांत धडावर मस्तकाऐवजीं पैशाची थैलीच ठेविली होती. लठ्ठ पोट, टोपी आणि थैली हीं चिन्हें अमेरिकेंतील व युरोपांतील वृत्तपत्रांनीं पुढील काळांत इतकीं रुळविलीं, कीं रशियन चित्रकारांना तीं आयतींच मिळालीं. भांडवलशाही देशांच्या मोकळ्या वृत्तपत्रांनीं स्वतःच्या धनिकांची जी थट्टा केली, तीच पुढें त्या देशांविरुद्ध हत्यार म्हणून वापरली गेली. रशियांतील खेडवळ शेतकऱ्यानें असा टोपीवाला प्रत्यक्ष बहुधा कधींच पाहिला नव्हता. त्याला ठाऊक असलेला धनी म्हणजे जमीनदार, दाण्याचा व्यापारी किंवा शेजारचा सुखवस्तु शेतकरी. भिंतीवरचा शेटजी म्हणूनच सोयीचा झाला. तो कोणाचाच नव्हता, त्यामुळें तो कोणालाही लागू करतां येत असे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या कार्ल मार्क्सच्या नांवानें हीं चित्रें निघालीं, त्यानें १८६७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या प्रस्तावनेंत स्पष्ट बजावलें आहे, कीं भांडवलदार व जमीनदार यांचें आपण रंगवून गोड चित्र काढलेलें नाहीं. तथापि या ग्रंथांत व्यक्तींचा विचार केवळ आर्थिक संबंधांचे प्रतिनिधि एवढ्यापुरताच केला आहे, आणि ज्या संबंधांनीं मनुष्य घडला त्यांचा दोष त्या एकट्याच्या माथीं मारावयाचा नाहीं. ग्रंथाचें म्हणणें असें, कीं दोष रचनेचा आहे. भित्तिपत्रकाचें म्हणणें असें, कीं दोष या लठ्ठ माणसाचा आहे. मजुरी, नफा, व्याज आणि मालकी यांचें गणित भिंतीवर चितारणें अवघड असतें. पोट चितारणें सोपें असतें. गणिताच्या जागीं पोट आलें, कीं पाहणाऱ्याला सारें समजल्यासारखें वाटतें; आणि हें वाटणें हाच या चित्रकलेंतील खरा धोका होय.

तो धोका रशियांत फार महाग पडला. त्या राजवटीच्या प्रारंभींच्या एका चित्रांत ट्रॉट्स्की हा संत जॉर्जच्या वेषांत घोड्यावर आरूढ होऊन उंच टोपी घातलेल्या प्रतिक्रांतीच्या अजगराला मारतांना दाखविला आहे. १९२९ सालीं तोच ट्रॉट्स्की देशाबाहेर घालविण्यांत आला, सरकारी प्रचारांत तो स्वतःच अजगराच्या जागीं बसला, आणि १९४० सालीं मेक्सिकोंत त्याचा खून झाला. त्याहून भयंकर प्रसंग शेतकऱ्यांवर आला. १९३० च्या सुमारास ‘कुलक’, म्हणजे सधन शेतकरी, हा भित्तिपत्रकांवरचा नवा शत्रु ठरला. टोपी गेली, दाढी आणि जाकीट आलें. पोट तेंच राहिलें. परंतु खेड्यांत कुलक ओळखावा कसा? दोन जनावरें अधिक, एखादा मजूर हाताखालीं, किंवा सामुदायिक शेतींत जाण्याची नाखुषी, एवढेंही पुरेसें होई. १९३० व १९३१ या दोन वर्षांत सुमारे १८ लाख माणसें, बायकामुलांसह, घरांतून काढून उत्तरेच्या व पूर्वेच्या ओसाड प्रदेशांत धाडण्यांत आलीं. त्यांतील बहुतेकांच्या अंगावर चित्रांतल्यासारखें मांस नव्हतें. तिकडे जर्मनींत नाझी पक्षानें पैशाच्या थैलीचा हाच लठ्ठ मनुष्य उचलला आणि त्याला यहुदी म्हटलें. वर्गाचें चित्र वंशाचें चित्र होण्यास नाकाची एक रेषा बदलणें पुरलें.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाहीं. रशियन क्रांतीच्या बेचाळीस वर्षें आधीं, १२ मे १८७५ रोजीं, पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्यांत सुपें गांवच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पोंचलें. इतिहासांत यास दख्खनचे दंगे म्हणतात. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाला आलेला भाव उतरला होता, सरकारी साऱ्याची आकारणी वाढली होती, आणि दिवाणी न्यायालयांतून सावकाराच्या हातीं जमीन जात होती. या दंग्यांत एक गोष्ट विलक्षण होती. शेतकऱ्यांनीं बहुधा माणसांच्या जिवास हात लावला नाहीं. त्यांनीं कर्जरोखे व खतें मागितलीं आणि जाळलीं. लिहितां वाचतां न येणाऱ्या कुणब्याला हें अचूक कळलें होतें, कीं आपल्याला बांधणारी दोरी सावकाराच्या पोटांत नसून त्याच्या पेटींतील कागदांत आहे. डेनीच्या चित्रांत जें नाहीं तें सुप्याच्या शेतकऱ्यानें पाहिलें होतें.

परंतु याच प्रकरणाची दुसरी बाजूही लपविणें योग्य होणार नाहीं. दंग्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनला असें आढळलें, कीं मार खाणारे जवळजवळ सर्व सावकार मारवाडी व गुजर होते. जेथें ब्राह्मण व इतर जातींचे सावकार त्यांच्याबरोबर तोच धंदा करीत होते, तेथें बहुधा त्यांना कोणी उपद्रव दिला नाहीं. व्याज दोघांचें सारखेंच होतें. चेहरा एकाचा परका होता. म्हणजे कागद ओळखणारी दृष्टि आणि परका चेहरा शोधणारी दृष्टि या दोन्ही एकाच जमावांत, एकाच दिवशीं नांदत होत्या. १८७९ सालीं दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. त्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन व्यवहाराचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. तो अपुरा असेल; परंतु त्याची दिशा कागदाकडे होती. महात्मा फुले यांनीं १८८३ सालीं पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांतही शेतकऱ्याच्या दैन्याचें खापर एका माणसावर फोडलेलें नाहीं. शेतसारा, कोर्टकचेऱ्या, कामगार मंडळी, सावकारी, धर्मविधींचा खर्च आणि विद्येचा अभाव हे सर्व धागे त्यांनीं एकेक करून उलगडून दाखविले आहेत.

आतां नागपुराकडे वळावें. राणी व्हिक्टोरिया हिनें सम्राज्ञीपद धारण केल्याची घोषणा झाली त्याच दिवशीं, म्हणजे १ जानेवारी १८७७ रोजीं, जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल या शहरांत सुरू झाली. हवेंत दमटपणा राखणारीं यंत्रें, आगीपासून संरक्षणाची योजना, १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि, १८९५ सालीं अपघाताच्या भरपाईचा निधि, असे त्या काळीं दुर्मिळ असलेले उपक्रम या गिरणीनें केले. या मालकाला उंच टोपी व सोन्याची रास चिकटविणें म्हणजे असत्यकथन होय. आणि तरीही ज्या वर्षीं गिरणी सुरू झाली त्याच वर्षीं मजुरीच्या दरावरून तेथील विणकऱ्यांनीं संप केला. हिंदुस्थानांतील गिरणीसंपांच्या आरंभींच्या नोंदींपैकीं ही एक आहे. मालक सज्जन असूं शकतो आणि मजुरीचा तंटा खरा असूं शकतो. भित्तिपत्रकाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं सांगतां येत नाहींत. आणि कामगारांच्या इतिहासांत तर बहुतेक वेळां या दोन्ही एकाच वेळीं खऱ्या असतात.

याच नागपुरांत १९२९ च्या अखेरीस पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचें अधिवेशन भरलें आणि तेथेंच ती संस्था फुटली. मजुरांच्या चौकशीसाठीं आलेल्या शाही कमिशनवर बहिष्कार घालावा किंवा नाहीं, आणि कोणत्या आंतरराष्ट्रीय संघटनेशीं नातें जोडावें, हे वादाचे विषय होते. नारायण मल्हार जोशी प्रभृति नेमस्त मंडळी बाहेर पडली. समोरचा शेटजी सर्वांचा एकच होता; त्याच्याशीं वागावें कसें, याचें उत्तर मात्र कोणत्याच चित्रांत लिहिलेलें नव्हतें.

मुंबईंत त्याच्या आदल्या वर्षीं, १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे दीड लाख गिरणीकामगारांचा प्रचंड संप झाला व लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उदयास आली. परंतु त्याच गिरण्यांत विणाईच्या खात्यांत अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यांत नवी कांडी भरली, कीं सुताचें टोंक छिद्रांतून तोंडानें ओढून घ्यावें लागे, आणि अस्पृश्याचें तोंड लागलेल्या धोट्यास इतर कामगार स्पर्श करीत नसत. विणाईची मजुरी अधिक. ती वाट त्यांना बंद. ही बंदी गिरणीमालकानें घातली नव्हती. ती शेजारीं उभ्या असलेल्या कामगारानें घातली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्या संपाच्या काळांत या अन्यायाकडे बोट दाखविलें, आणि फेब्रुवारी १९३८ मध्यें मनमाड येथील रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेंत त्यांनीं कामगारांचे शत्रु दोन सांगितले: ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. ब्राह्मण्य म्हणजे एका जातीचे लोक नव्हेत, तर समता व बंधुता यांचा नकार, असा खुलासाही त्यांनीं केला. लठ्ठ शेटजीच्या चित्रांत हा दुसरा शत्रु दिसत नाहीं. कारण तो चित्र पाहणाऱ्यांच्याच गर्दींत उभा असतो.

तथापि या चित्रभाषेला मराठींत एक निरोगी वळणही मिळालें. वाटेगांवचे अण्णाभाऊ साठे यांनीं १९४३ सालीं स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला, आणि १९४४ मध्यें शाहीर अमर शेख व दत्ता गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभें केलें. ‘शेटजींचें इलेक्शन’ या त्यांच्या लोकनाट्याच्या नांवांतच तो भिंतीवरचा मनुष्य आहे. परंतु भिंत आणि तमाशाचा फड यांत मोठें अंतर आहे. भिंतीवरचा शेटजी मुका असतो. फडावरच्या शेटजीला बोलावें लागतें, आपली बाजू मांडावी लागते, आणि सोंगाड्याच्या उलट प्रश्नांना उत्तरें द्यावीं लागतात. भित्तिपत्रक किळस उत्पन्न करतें. बतावणी हंसूं उत्पन्न करते. किळस आलेला मनुष्य समोरच्याला नष्ट करावयास निघतो. हंसणारा मनुष्य त्याची लबाडी ओळखूं लागतो. अण्णाभाऊ १९६१ सालीं रशियास जाऊन आले आणि त्यांनीं त्या प्रवासाचें पुस्तकही लिहिलें. १४ सप्टेंबर २०२२ रोजीं मॉस्कोंतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयांत त्यांच्या पुतळ्याचें अनावरण झालें. ज्या राज्यावर त्यांनीं प्रेम केलें तें त्यापूर्वीं एकतीस वर्षें लयास गेलें होतें.

शेवटीं त्याच रशियन चित्रकारांच्या एका वेगळ्या कृतीचें स्मरण करणें उचित होईल. १९२१ सालीं व्होल्गा नदीच्या खोऱ्यांत दुष्काळ पडला व सुमारे पन्नास लाख माणसें दगावलीं. सर्पाकृति काढणाऱ्या दमित्री मूरनें त्या वेळीं काळ्या पार्श्वभूमीवर एक अस्थिपंजर म्हातारा शेतकरी काढला: अनवाणी पाय, वर केलेले दोन्ही हात, मागें मोडलेलें एक कणीस, आणि खालीं एकच शब्द, ‘मदत’. या चित्रांत शेटजी नाहीं. आणि ती मदत मुख्यतः आली कोठून? टोपीवाल्यांचा देश म्हणून ज्याची चेष्टा होई त्या अमेरिकेंतून. हर्बर्ट हूवर यांच्या संस्थेनें १९२२ सालीं एक कोटीहून अधिक लोकांना अन्न पुरविलें. बंगालमध्यें १९४३ च्या दुष्काळांत चित्तप्रसाद यांनीं मेदिनीपूर भागांत पायीं हिंडून उपाशी माणसें काळ्या शाईनें रेखाटलीं. त्यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तकाच्या प्रती सरकारनें जप्त करून नष्ट केल्या. पुढें मुंबईस येऊन ते अंधेरीस राहिले. शेटजीच्या चित्राला सरकारें सहसा भीत नाहींत, उलट सोयीनें वापरतात. उपाशी माणसाच्या चित्राला मात्र साम्राज्यही भ्यालें, ही गोष्ट मननीय आहे. पोटाचें चित्र शत्रु दाखवितें व पाहणाऱ्याला मोकळें करतें. बरगड्यांचें चित्र प्रश्न विचारतें, आणि तो प्रश्न पाहणाऱ्यालाही टाळतां येत नाहीं.

सोव्हिएट संघराज्य १९९१ सालीं संपुष्टांत आलें, आणि त्याचीं भित्तिपत्रकें आज धनिक संग्राहक लिलावांत विकत घेतात. एम्प्रेस मिल २००२ सालीं बंद पडली. गांधीसागर तलावाजवळ त्या जागेवर आतां मोठा मॉल उभा आहे. उंच टोपी कोणी घालीत नाहीं. कारखान्यांचे भाग लाखों लोकांत विभागलेले आहेत. विम्याच्या हप्त्यांतून, भविष्यनिर्वाह निधींतून, म्युच्युअल फंडांतून ते सुशिक्षित मध्यम कुटुंबांच्या कपाटांत येऊन पोंचले आहेत. ज्या कंपनीचा नफा वाढल्याची वार्ता सकाळच्या वृत्तपत्रांत वाचून गृहस्थास समाधान वाटतें, त्या कंपनीनें कंत्राटी मजुरास काय दिलें, हें त्याच वृत्तपत्रांत सहसा छापलेलें नसतें. आज डेनीला भांडवलाचें चित्र काढावयाचें झालें, तर तो चेहरा कोणाचा काढील? कदाचित् चेहराच काढणार नाहीं. सुप्याच्या शेतकऱ्यांप्रमाणें तो आधीं कागद मागेल. तो कागद कोणत्या घरांतून निघेल, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या घरीं करावा.